सुईत दीड मीटर मिळवायचं

टेमकर सरांनी आल्या आल्या पहिली टर उडवली ती इंद्रायणीच्या सुईची.

"हे काय हो, जुन्या राजदूतचं मीटर काढून आणलंत की काय?" असं म्हणत त्यांनी तो काळा गोल गेज उलटासुलटा करून पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला. इंद्रायणी हसली नाही. अंदमानात डायव्हिंग शिकवताना दहा वर्षं तिनं हाच विनोद ऐकला होता. माणूस दर वेळी नवा, मोटारसायकल मात्र तीच जुनी.

गेज तसा साधाच. आत पितळेची वाकवलेली नळी आणि वर एक सुई. पाण्यात जेवढं खोल जाल तेवढी सुई पुढं सरकते. ना बॅटरी, ना बटण. आता मनगटावर बांधायचे डाइव्ह कॉम्प्युटर आलेत. ते खोली सांगतात, वेळ सांगतात, अजून किती मिनिटं खाली राहता येईल आणि वर किती सावकाश यायचं तेही सांगतात. इंद्रायणीकडं असे चांगले चार होते. ती काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नव्हती. पण मनगटावर कॉम्प्युटर असला तरी जोडीला सुई, पाण्यात चालणारं साधं घड्याळ आणि किती खोल किती वेळ राहायचं त्याचे आकडे लिहिलेली पाटी घेतल्याशिवाय ती पाण्यात पाय घालत नसे.

"बॅकअपच पाहिजे ना? मग दुसरा कॉम्प्युटर बांधा," टेमकर सर म्हणाले. "एक बंद पडला तर दुसरा आहे. सगळीकडं आता हेच चालतं. ही सुई इथं डोंगरात, गोड्या पाण्यात बरोबर दाखवते का, ते सांगा."

"न्हाई दाखवत. समुद्रासाठी केलेली हाय ती. खाली सतरा-अठरावर गेलं की दीड मीटर कमी दाखवते."

"म्हणजे खोटं बोलते."

"बोलते की. पण रोज तेवढंच बोलते, सर. मी दीड मीटर मिळवते, संपलं."

"आणि हा बघा." सरांनी मनगट पुढं केलं. त्यांचा कॉम्प्युटर मोठा होता, रंगीत पडद्याचा. "हा स्वतःच उंची ओळखतो. मिळवायचं नाही, वजा करायचं नाही. परीक्षेच्या सामानात ही सुई मला नको. संस्थेनं फोटो मागितले तर मी काय त्यांना म्युझियम दाखवू?"

इंद्रायणीनं गेज उचलला, कापडी पिशवीत टाकला आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली. उलट उत्तर द्यायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. पण तो आठवडा तोंड उघडायचा नव्हता, कारण परीक्षा तिची होती.

टेमकर सर म्हणजे रामदास टेमकर. मूळचे याच भागातल्या आळे गावचे, पण पंचवीस वर्षं गोव्यात पाण्याखाली काढलेली. डायव्हिंग शिकवायची परवानगी देणाऱ्या संस्थेनं त्यांना तपासनीस म्हणून पाठवलं होतं. डिंभ्याच्या धरणाकाठी इंद्रायणीनं टाकलेली पत्र्याची शेड, हवा भरायचा कॉम्प्रेसर, सिलिंडर आणि तिची शिकवायची रीत, हे सगळं बघून इथं केंद्र चालू द्यायचं की नाही ते सर ठरवणार होते. वर्षभर तिनं गोव्यातल्या एका केंद्राच्या नावाखाली शिकवलं होतं. पुण्याची हौशी मंडळी समुद्रावर जायच्या आधी इथं यायची, बुडायला शिकून जायची. ती सोय या महिन्यात संपत होती. सरांनी सही केली तर इंद्रायणी केंगले डिंभ्यात राहणार. नाही केली तर पंधरा तारखेचं विमान, अंदमान, आणि आठ वर्षांची आरोही पुन्हा आजीच्या हवाली.

आरोहीच्या बापानं पुण्यात दुसरा संसार मांडला, पण तो विषय इथं काढायचा नाही. इंद्रायणीही काढत नाही. पोरगी दोन वर्षांची असल्यापासून आजीनंच वाढवली. आई म्हणजे मोबाइलमध्ये दिसणारी बाई, नाहीतर वर्षातून दोनदा पिशव्या घेऊन येणारी बाई. गेलं एक वर्ष तेवढी ती घरात होती, रोज सकाळी पोरीचा डबा भरत होती, वेणी घालत होती. हे असंच चालू राहावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी म्हणाल तर पाण्याखालचं तिला कशाचं भय नव्हतं.

सर आले तो दिवस नवमीचा. सकाळी कागद तपासून झाले, मग काठाजवळच्या पाच मीटर पाण्यात कवायती झाल्या. शिकाऊ म्हणून नूतन होती. ती अवसरी बुद्रुकच्या शाळेत विज्ञान शिकवते, पाण्यात शांत आणि जमिनीवर अखंड बडबडी. तिनं पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घातला, इंद्रायणीच्या सिलिंडरमधून हवा घेतली, न घाबरता वर आली. तिघांच्या मनगटावरचे कॉम्प्युटर एकच आकडा दाखवत होते. सर खूश दिसले.

आणि संध्याकाळी साळुबाईनं शेडमध्येच खंडेनवमी मांडली.

साळुबाई म्हणजे इंद्रायणीची आई. तिच्या लेखी हत्यार म्हणजे काय याचा हिशेब सरळ होता. जे आपल्याला पोसतं ते हत्यार. त्यामुळे पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड आणि इंद्रायणीच्या बापाचं, म्हणजे जानकूचं, मासे धरायचं जाळं तर आलंच, पण यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटरही आले होते. "पोरी, तुजं काम्पुटर आन," असा हुकूम सुटला. इंद्रायणीनं चारही आणून ठेवले.

"आन पावण्याचं? त्येंचं तेवढं वायलं ठेवायचं व्हय?"

इंद्रायणीला जरा संकोच वाटला. पण टेमकर सरांनी स्वतःच मनगटाचा पट्टा सोडला. "ठेवा की आई. आमच्या आळ्याला विहिरीच्या इंजिनाला हळदीकुंकू लावल्याशिवाय आमची आई जेवायची नाही," असं म्हणून त्यांनी तो रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर कोयत्याच्या शेजारी आपल्या हातानं ठेवला. मांडी घालून बसले, हात जोडले, खोबरं-गूळ मागून घेऊन खाल्लं. गोव्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस त्या वेळी पार आळ्याचा होऊन गेला होता.

साळुबाई हळद तेलात कालवते. तेलाची हळद सुकून पडत नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. प्रत्येक हत्याराला तिनं पुढून बोट ओढलं, उलटं करून मागून बोट ओढलं, वर कुंकू दाबलं. देवाचं काम तिला हात राखून करता येत नाही. दारामागच्या पिशवीतला गेज कुणाच्या ध्यानात आला नाही. तो परीक्षेतूनच काढलेला होता, पूजेत कुठून येणार?

पुजलेलं हत्यार लगेच हलवायचं नाही. दसरा झाला, सर आळ्याला बहिणीकडं जेवून आले, आणि दोन रात्री ते कॉम्प्युटर पाटावरच राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणीनं ओलं फडकं घेऊन ते एकेक पुसले. काचा चकचकीत झाल्या, पट्टे स्वच्छ झाले. चालू करून पाहिलं तर सगळीकडं शून्य मीटर. जमिनीवर शून्यच दाखवायला पाहिजे. सरांनी आपला मनगटावर बांधला, नूतनला तिचा दिला.

शेवटच्या डुबीचं, म्हणजे परीक्षेतल्या खोल बुडीचं, सामान होडीत चढलं तेव्हा इंद्रायणी परत शेडमध्ये गेली आणि खिळ्यावरची पिशवी घेऊन आली. गेज आपल्या पट्ट्याला अडकवताना सरांनी पाहिलंच.

"केंगले."

"सवय हाय सर. परीक्षेत धरू नका."

"धरणार नाहीच," सर म्हणाले आणि पायात घालायचे फिन्स उचलून होडीत बसले.

होडी जानकू वल्हवत होता. धरण काठोकाठ भरलेलं, वारा पडलेला. पाण्याखाली या लोकांची जुनी वाडी आहे. ती बुडाली तेव्हा इंद्रायणी शाळेतही जात नव्हती, पण जानकूला प्रत्येक बांध पाठ. कुठं कुणाचं अंगण, कुठं कुणाची पडवी, हे तो वरून पाण्याकडं बघून सांगतो, आणि जाळं टाकताना ते उपयोगी पडतं. इंद्रायणीनं त्याच्याच जोरावर डुबीच्या जागा ठरवल्या होत्या.

"हितं खाली आमच्या बापाचं खळं हाय," नांगर टाकताना जानकू सरांना म्हणाला. "धरण भरलं की खळ्यावर बेचाळीस हात पाणी. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"हो का," सर म्हणाले. कॉम्प्युटरची बटणं दाबण्यात त्यांचं लक्ष होतं.

इंद्रायणीनं नूतनला पुन्हा एकदा समजावलं. नव्या शिकाऊला अठरा मीटरच्या खाली न्यायचं नाही, हा नियम. आपण खळ्याच्या वरच्या बांधावर थांबायचं, म्हणजे सोळा मीटर. तिथं मास्कची कवायत करायची आणि परत यायचं. खळं एकोणीस मीटरवर आहे. "खळ्याचे दगड दिसले तर समजायचं, आपण चुकलो," इंद्रायणी म्हणाली. नूतननं मान हलवली. सर म्हणाले, कॉम्प्युटर सांगेलच. मग तिघं पाण्यात उतरले.

पावसाळ्यानंतरचं पाणी वरती चहासारखं असतं. आठ मीटर गेलं की जरा निवळतं, तरी तीन-चार हातांपलीकडचं दिसत नाही. वर होडीला बांधलेली दोरी खाली सोडलेली होती. तिच्या कडेनं तिघं सावकाश उतरत गेले. इंद्रायणी पुढं, तिच्याकडं तोंड करून नूतन, आणि हातभर मागं सर. नूतनचा श्वास बरोबर चालला होता. बुडबुडे मोजत उतरायचं, घाई करायची नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. इंद्रायणीला मनातून बरं वाटलं. सही झालीच, असंही वाटून गेलं.

मग तिनं मनगटाकडं पाहिलं. कॉम्प्युटर म्हणाला, दहा मीटर. कानांना काही ते पटेना. दहा वर्षांत कानांना पाण्याचा भार कळायला लागतो. तिनं गेज हातात घेतला. सुई तेराच्या पुढं होती.

खरं सांगायचं तर तिचा पहिला संशय सुईवरच गेला. दोन दिवस एखाद्याची टर ऐकली की आपलंही मन थोडं तसंच होतं. तिनं गेजवर बोटानं टिचकी मारली. सुई थरथरली आणि होती तिथंच राहिली. दोरीच्या कडेनं अजून थोडं खाली गेल्यावर तिनं हात पसरून दोघांना थांबवलं. नूतनचं मनगट आपल्याकडं वळवून पाहिलं. चौदा. आपलं पाहिलं. चौदा पूर्णांक तीन. सरांनी आपलं न विचारता पुढं केलं. चौदा पूर्णांक सात. आणि सुई सतरावर. दीड मिळवलं की साडेअठरा.

तिघं एका बाजूला आणि एक एका बाजूला. त्या एकाची साक्ष परीक्षेत धरायची नव्हती.

सरांनी तळवा खाली केला आणि दोन बोटं दाखवली. अजून दोन मीटर खाली. त्यांच्या हिशेबानं कवायतीची जागा अजून यायची होती, आणि त्यांचा हिशेब कुणालाही बरोबर वाटला असता. आता वर गेलं तर अहवालात काय लिहिलं जाईल, तेही इंद्रायणीला इथूनच वाचता येत होतं. तपासनिसाच्या डोळ्यांदेखत, चांगली चाललेली डुबी, मोडीत काढलेल्या गेजच्या भरवशावर सोडून दिली. मग पंधरा तारीख. मग आरोही मोबाइलमध्ये.

पण नूतन समोर होती. दोन्ही हात छातीशी धरून, इंद्रायणी काय सांगते याची वाट बघत. तिनं आपला जीव इंद्रायणीच्या हवाली केला होता, सरांच्या नाही. मनगटावरच्या यंत्राच्या तर मुळीच नाही. जो आकडा जास्त खोल दाखवतो तो खरा धरायचा, हे इंद्रायणी प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी शिकवत आली होती. शिकवायचं एक आणि परीक्षेत करायचं दुसरं, हे काही तिला जमणारं नव्हतं. तिनं अंगठा वर केला. डुबी संपली, वर चला.

सरांनी मान हलवली. नाही. त्यांनी आपल्या मनगटावर बोट आपटून दाखवलं. इंद्रायणीनं अंगठा पुन्हा वर केला आणि खाली घेतलाच नाही. नूतन एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. त्या गडबडीत तिच्या फिन्सनं खालचा गाळ ढवळला, आणि गाळाचा पडदा बाजूला झाला तशी खाली दगडांची गोल कड दिसली. पायापासून फार तर हातभर. नीट रचलेले, सारख्या उंचीचे दगड. आजोबांचं खळं.

आता कुणाला विचारायचं राहिलं नव्हतं. इंद्रायणीनं नूतनच्या खांद्याचा पट्टा धरला आणि ती वर निघाली. सर क्षणभर तिथंच तरंगत राहिले, मग मागून आले. पाण्याखाली शिकाऊला आणि शिक्षिकेला सोडून थांबण्याइतका तो माणूस वाईट नव्हता.

वर यायचं काम तिनं सुई आणि घड्याळावर केलं. सावकाश, बुडबुड्यांच्याही मागून. वरच्या पाण्यात सुईची चूक कमी होते, तिथं एकच मीटर मिळवायचा, म्हणून सुई चारवर आल्यावर तिनं दोरी धरून दोघांना थांबवलं आणि रक्तात मुरलेला वायू निघून जायला घड्याळात तीन मिनिटं मोजली. कॉम्प्युटर तेव्हा म्हणत होता, अजून अकरा मीटर. त्याच्याकडं तिनं परत पाहिलं नाही.

पाण्याबाहेर डोकं निघालं तसं सरांनी तोंडातलं हवेचं रेग्युलेटर काढलं. "केंगले, तुम्ही परीक्षा मोडलीत. चौदा मीटरवरून परत फिरायचं काही कारण नव्हतं. मी खाली यायची खूण केली होती, आणि तुम्ही..."

"सर," नूतन म्हणाली.

"थांबा तुम्ही. आणि तुम्ही एका..."

"सर, तुमच्या हाताकडं बघा ना."

सरांनी हात वर केला. डोकं उन्हात, केसांतून पाणी गळतंय, शेजारी होडी, होडीत जानकू तंबाखू मळत बसलेला. आणि मनगटावरचा कॉम्प्युटर सांगत होता की रामदास टेमकर सहा मीटर खोल आहेत. सरांनी हात झटकला. पाच पूर्णांक नऊ. नूतनला हसू आवरेना. ती हसता हसता पाणी प्यायली आणि खोकू लागली.

होडीत चढल्यावर सरांनी जानकूला विचारलं, खळ्याचं पाणी मोजता येईल का. जानकूनं शिशाचं वजन बांधलेली दोरी काढली. तिला हाताहातावर गाठी होत्या. वजन तळाला टेकल्यावर त्यानं दोरी सरांच्या हातात दिली आणि ओढताना गाठी त्यांनाच मोजायला लावल्या. सरांनी बेचाळीस मोजल्या. बेचाळीस हात म्हणजे एकोणीस मीटर, हा गुणाकार नूतननं बसल्या जागी करून टाकला.

काठावर आल्यावर सर शेडच्या पायरीवर बसले. फॉर्म मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं.

"उंचीचाच काहीतरी घोटाळा," ते म्हणाले. "तिन्ही एकदम गंडतात म्हणजे आतल्या प्रोग्रॅममध्ये खोट असणार. मी कंपनीला लिहितो. तुमचा यात काही दोष नाही, केंगले. वर आणलंत ते योग्यच केलंत. मी सही करतोय."

इंद्रायणी त्या वेळी कॉम्प्युटर धुवायला घेऊन उभी होती. उन्हात तिनं आपला उलटा केला. पाठीमागे बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी आत जातं आणि आतला पडदा दाबतो, त्यावरून यंत्राला खोली कळते. भोकं पिवळी होती. तिनं नख घातलं. नखाला चिकट पिवळा गोळा आला, आणि त्याला तेलाचा वास होता. तिनं सरांचा उलटा केला. पिवळा. नूतनचा पाहिला. तोही पिवळा.

फडकं तिनंच फिरवलं होतं. काच पुसली, पट्टा पुसला, आणि जिथून यंत्र श्वास घेतं तिथं हळद अजून आत दाबून बसवली.

सरांचं पेन कागदावर टेकलं होतं. तिनं काही बोलायचंच नव्हतं. साबणाच्या पाण्यात तिन्ही बुडवायचे, ब्रश फिरवायचा, संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. सही मिळाली असती, आरोही मिळाली असती. कुणी म्हणेल, मग गप्प का नाही बसली? तिलाही ते वाटलंच, वाटलं नाही असं कोण म्हणेल. पण सर हा कॉम्प्युटर घेऊन गोव्याला जाणार होते. कंपनीचं उत्तर येईपर्यंत उंचीला दोष देऊन समुद्रात नेणार होते, तिथं तीस मीटरवर, आणि तिथं त्यांच्या शेजारी सुई नसणार होती.

"सर, थांबा. सही करू नका."

तिनं तिन्ही कॉम्प्युटर उलटे करून त्यांच्यासमोर पायरीवर ठेवले आणि नख दाखवलं. सरांनी ते बोट धरून नाकाशी नेलं. मग ते शेडच्या आत पाटाकडं बघत राहिले. पाटावर अजून तांदूळ सांडलेले होते.

दारात साळुबाई चहा घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "माज्या हळदीनं झालं व्हय गं?" तिचा आवाज पार खाली गेला. "पोरी, मी तुजं वाटोळं केलं."

"तुज्या हळदीनं न्हाई, आई," इंद्रायणी म्हणाली. "हळद लावणं तुजं काम. धुणं माजं व्हतं, मी केलं न्हाई."

सरांनी चहा घेतला. एक घोट पिऊन कप बाजूला ठेवला आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मग वाचून दाखवलं. "उपकरणांची देखभाल असमाधानकारक. पूजेनंतर दाबमापकाची छिद्रं न तपासता यंत्रं वापरात आणली. जबाबदार, इंद्रायणी केंगले."

इंद्रायणीनं मान हलवली. जे होतं तेच लिहिलं होतं.

"पुढं ऐका," सर म्हणाले. "जबाबदार, इंद्रायणी केंगले आणि रामदास टेमकर. माझं यंत्र मी माझ्या हातानं पाटावर ठेवलं आणि उलटं करून न बघता मनगटावर बांधलं. पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात." त्यांनी कपाळावरचं पाणी पुसलं. "दुसरा कॉम्प्युटर बांधा म्हणून मीच सांगत होतो तुम्हाला. दुसराही याच ताटातली हळद घेऊन आला असता."

"आला असता," इंद्रायणी म्हणाली.

"पुढचा रकाना, पाण्याखालचा निर्णय. इथं मी जे लिहिलंय ते वाचून दाखवत नाही, उगाच डोक्यात जाईल तुमच्या. शेवटची अट ऐका. या केंद्रात प्रत्येक शिकाऊच्या अंगावर कॉम्प्युटरसोबत एक सुईचा गेज असलाच पाहिजे. आहे मान्य?"

"मान्य हाय."

त्यांनी सही केली, तारीख टाकली आणि कागद फाडून तिच्या हातात दिला. तिनं तो दोन वेळा वाचला. साळुबाईनं पदर डोळ्यांना लावला. जानकू खालून होडी बांधता बांधता ओरडला, काय झालं, आणि झालं एकदाचं, असं नूतननं त्याला ओरडूनच सांगितलं.

साडेचारला आरोही शाळेतून आली. दप्तर ओट्यावर टाकते न टाकते तोच आजीनं सांगितलं, तुज्या आईचा कागद झाला.

"मग आई कधी जाणार?" आरोहीनं विचारलं.

"जाणार न्हाई," इंद्रायणी म्हणाली.

"दिवाळी झाल्यावर?"

"न्हाई."

"उन्हाळ्यात?"

"न्हाई गं. हितंच राहणार. कायम."

आरोहीनं उड्या मारल्या नाहीत. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीला लावून ठेवले आणि हौदाकडं पाय धुवायला गेली. इंद्रायणी तिच्या मागं जाऊन उभी राहिली. वर्षभर या पोरीनं कशाला नाही म्हटलं नव्हतं. जे वाढलं ते खाल्लं, जशी वेणी घातली तशी ठेवली, डबा हातात दिला की थँक्यू म्हटलं. पोरगी किती शहाणी आहे म्हणून इंद्रायणी चार जणींत कौतुकानं सांगायची.

"उद्यापास्नं डब्यात भेंडी द्यायची न्हाई," पायावर पाणी ओतत आरोही म्हणाली. आवाजात चक्क राग होता. "मला भेंडी आजिबात आवडत न्हाई. आन वेणी लई आवळून घालतीस तू. दुखतं मला."

इंद्रायणी बघतच राहिली. "अगं, वर्षभर खाल्लीस की भेंडी. मग बोलली का न्हाईस?"

"तू जाणार व्हतीस ना," आरोही म्हणाली, आणि ओल्या पायांनी तशीच घरात गेली.